अंग चोरणारी अक्षरं

"अजून जागा उरलीय, पांचाळ!" जाहिरातीच्या कागदावर ओणवे झालेले आमच्या नाटक कंपनीचे मालक तात्या बर्वे ओरडले. उद्याचा खेळ भरला नाही तर कंपनीला कुलूप लागणार होतं. तिकीट खिडकीवर मीच बसायचो, त्यामुळे मला सगळं ठाऊक.

धोंडू पांचाळनं जाहिरातीसाठी लाकडात नवी अक्षरं कोरली होती. जाड इतकी, की कृष्णेपलीकडची म्हैससुद्धा वाचून मान हलवायची. आणि उभट, अंग चोरून अशी उभी, की एका ओळीत तिप्पट मजकूर मावायचा. कागद रिकामा सोडणं तात्यांच्या जिवावर यायचं. आधी नटांची नावं आली, मग खुनाची अख्खी गोष्ट, मग तिसरा अंक.

"तात्या, थोडं झाकून ठेवा की," पांचाळ म्हणाला.

"तू अक्षरं बसव रे!"

दुसऱ्या दिवशी थिएटरवर लावलेल्या जाहिरातीसमोर दोन हजार माणूस लोटलं. मी तिकिटांची गड्डी फोडून बसलो. शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेला एक पैलवान बायकोकडे वळला. "दिवाणजीनंच मारलाय गं त्याला. चल घरी."

माझी सात तिकिटं खपली. त्या सातही जणांना वाचता येत नव्हतं.

कंपनी बंद झाल्याची सूचना तात्यांनी त्याच अक्षरांत छापून लावली. ती वाचायला लोक बैलगाड्या जोडून आले आणि अक्षरांवर खूश होऊन त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. दारात उभ्या तात्यांनी सवयीनं वाकून नमस्कार केला.