झिजलेली रबरं

बाबा गेल्यावर त्यांची जुनी मोटरसायकल मी मेकॅनिकला घरी बोलावून दुरुस्त करायला घेतली. तो म्हणाला, "ताई, मागच्या फुटरेस्टची रबरं पार झिजलीत. नवी आता जुन्या बाजारातच शोधावी लागतील. रोज कोणीतरी मागे बसत असणार."

बाबांच्या मागे बसलेली आई मी कधीच पाहिली नव्हती. दोन दिवस ती रबरं पर्समध्ये होती आणि मनात पाल चुकचुकत होती. शेवटी आईसमोर ठेवली.

"बाबांच्या मागे कोण बसायचं गं?"

"कोणी नाही."

"मग ही झिजली कशी?"

आईनं ती अंगठ्यानं पुसली.

"तुझ्या आजीला दिसू नये म्हणून कोपऱ्यापर्यंत मी चालत जायचे. तिथून पुढे गाडी मी चालवायचे. मागे हे बसायचे. पाय घट्ट रोवून, जीव मुठीत धरून."