पाणराणीचं सोंग

"पाणराणी गोरी असती, गुरुजी," आबा म्हणाले. "हे बघा की, चित्रातच हाय."

पासलीच्या शाळेत संमेलनाची तालीम चालली होती आणि गावचे कारभारी आबा आज पहिल्यांदाच बघायला आले होते. वेल्ह्याहून आलेल्या पुस्तकांच्या पेटीत सोपानगुरुजींना जादूची एक गोष्ट सापडली, तिचं त्यांनी नाटक केलं. डोंगराच्या पोटातली पाणराणी वर येते आणि तहानलेल्या गावाला आपल्या घड्यातलं पाणी पाजते, एवढीच गोष्ट. पण पोरं तिच्यापायी खुळावली होती. पाणराणी झाली होती सहावीतली अंजना. काळीसावळी, किडकिडीत पोर, पण बोलायला लागली की शेवटच्या रांगेतला झोपाळू गडीसुद्धा ताठ बसायचा. आजवर नुसती भाषणंच बसवली होती, घडा आजच आणला होता. आईचं, लीलाबाईचं, निळं लुगडं गुंडाळून अंजना फळ्यापाशी उभी होती.

गुरुजी हसले. "चित्र छापणाऱ्यानं काढलं, आबा. आतलं वाचा. राणीचा रंग पाण्यासारखा, असं लिहिलंय. आता पाण्याला कुठला आलाय रंग?"

पोरं फिदीफिदी हसली. आबाही हसले. गुरुजींना वाटलं, जिंकलो. भोळा माणूस!

"बरं, रंगाचं ऱ्हाऊ द्या," आबांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "पण त्या घड्याचं काय?"

"घड्याचं काय?"

"गावची समदी पोरं तिच्या हातचं पानी पिणार, आन् त्यांच्या आया समोर बसून बघणार. तुमी परगावचे, उद्या एसटीत बसून निघून जाल. मला हितंच ऱ्हायचंय."

"अहो, घडा रिकामा आहे."

"रिकामा हाय ते मला दिसतंय, गुरुजी. बघणाऱ्याला न्हाई दिसायचं."

अंजनाच्या घरानं तिच्या जन्माआधीच बुद्धाचा धर्म घेतला होता. पाणवठ्याला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.

बरं, आबा काही दुष्ट माणूस नव्हेत. शाळेवरचे पत्रे त्यांनीच खटपट करून आणले. अंजनाच्या वाचनाचं कौतुक गावभर त्यांनीच केलं. गुरुजी त्यांच्याच पडवीत राहत आणि त्यांच्याच घरची भाकरी खात. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? शिव्या देणारा असता तर सोपं गेलं असतं.

"पोरगी हुशार हाय, त्यात वाद न्हाई," आबा म्हणाले. "आवाज तिचाच ऱ्हाऊ द्या. ती पडद्यामागनं बोलंल, म्होरं आमची शेवंता उभी ऱ्हाईल आन् नुसते व्हट हलवील. कुणाचंच मन मोडाया नगं."

आबांची नात शेवंता तहानलेल्यांच्या घोळक्यात बसली होती. ती रडवेली होऊन उठली. "मला न्हाई जमायचं, आबा. अंजीच राणी हाय."

"गप बस."

अंजना गुरुजींकडं बघत राहिली. गुरुजी आता काहीतरी बोलतील याची तिला खात्रीच होती. गुरुजींनी तोंड उघडलंही. पण आबांच्या पडवीतली आपली वळकटी त्यांच्या डोळ्यांपुढं आली, आणि आबांचा एक शब्द गेला की येणारी बदलीही आली.

"ठीक आहे," ते म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी आतून वाटली. लाजेनं काय होतंय?

अंजना रडली नाही. तिनं विचारलं, "मग लुगडं शेवंताला देऊ का?"

"नगं, नगं," आबा घाईनं म्हणाले. "तिला घरचा शालू हाय. तुझं तू नेस की."

पडद्यामागं उभं राहायला कशाला हवं होतं लुगडं? पण अंजनानं ते सोडलं नाही.

"शेवंताला एकदा करून दाखव," गुरुजी तिच्याकडं न बघता म्हणाले. "राणी पाणी कशी पाजते ते."

शेवंता खाली बसली आणि तिनं ओंजळ पुढं केली. अंजनानं घडा उचलला. एक पाऊल मागं सरकली, अंग चोरून उभी राहिली आणि हात पार डोक्याच्या वर नेऊन तिनं घडा तिरका केला.

"अगं, इतक्या लांबनं काय वततीस?" आबांना हसू आलं. "राणी हाय ना ती? समदं सांडलं की भुईवर!"

आपलं काय चुकलं ते अंजनाला खरंच कळेना. "असंच तर वतत्यात, आबा," ती म्हणाली. "तुमच्या हिरीवर आमाला काकू असंच वतत्यात."

शेवंतानं ओंजळ मागं घेतली. आबांनी टोपी काढली, आत बघितलं आणि परत डोक्यावर घातली. गुरुजींच्या मनात आलं, आता तरी. आता तरी हा माणूस म्हणेल, राहू दे तिलाच.

"चला, तालीम हुंद्या," आबा म्हणाले. "लई येळ मोडला."

गुरुजींनी अंजनाच्या हातातला घडा काढून शेवंताला दिला. दोरीवर टाकलेल्या चादरीचाच पडदा होता. अंजना लुगडं सावरत त्याच्यामागं गेली. आबा पोरांत मांडी घालून बसले आणि गुरुजींनी टाळी वाजवली.

पडद्यामागून आवाज आला, स्वच्छ, कुठंही न अडखळता:

"या लेकरांनो, जवळ या. लांबून कधी तहान भागते का?"

पुढं उभ्या असलेल्या राणीचे ओठ काही हलले नाहीत.