लाल चौकट

"मी वाचलीच नाही," डॉक्टर रोसिओ म्हणाली. "चौकट आली, मी 'ठीक' दाबलं. दिवसाला दोनशे वेळा दाबते. लाल की पिवळी, तेही बघत नाही."

सालतो शहरातल्या इस्पितळात चौकशी चालू होती. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या नेलिदाला रोसिओने जंतुसंसर्गावरची गोळी लिहून दिली होती. ही जोडी घातक. ती लिहिली की संगणकावर लाल चौकटीत इशारा येतो. पाचव्या दिवशी नेलिदा रक्तस्रावाने गेली.

इशारे बसवणारा अदेमार समोरच बसला होता. नेलिदा त्याची बायको.

"पण इशारे तरी किती!" संचालक बेन्तांकोर 'माते' या कडवट चहाच्या भांड्यात गरम पाणी ओतत म्हणाले. "माझी बायकोसुद्धा इतक्यांदा टोकत नाही." मग त्यांनी जीभ चावली. "माफ कर, भाऊ."

"असू दे. नेलिदाही हेच म्हणायची."

ती तिसऱ्या मजल्याची मुख्य नर्स होती. घरी 'माते' पिताना रोज कुरकुरायची, "तुझ्या चौकटी कोणी वाचत नाही रे. नुसती बोटं चालतात." आजारी पडली तेव्हा हट्टाने आपल्याच मजल्यावर दाखल झाली.

"नक्की आठवतं तुला, पोरी?" अदेमारने विचारलं.

"दुसरं काय झालं असणार, अदेमारसाहेब?" रोसिओला रडू आलं. "तुमची चौकट कधी चुकते का?"

संचालकांनी कबुलीजबाबाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. संगणकातली नोंद फक्त अदेमारला उघडता येई. "नोंद याच्याशी जुळते ना? तेवढी सही कर. हिचा परवाना जाईल, पण इलाज नाही."

अदेमारने पेन उचललं.

"जुळते," तो म्हणाला, आणि सही केली. मग उठून त्याने रोसिओच्या डोक्यावर हात ठेवला. "माझा तुझ्यावर राग नाही, पोरी."

बेन्तांकोरांनी डोळे पुसले. "अशी माणसं आता राहिली नाहीत," ते म्हणाले.

आपल्या खोलीत येऊन अदेमारने दार लावलं आणि सकाळी पाहिलेली नोंद पुन्हा उघडली. त्या दिवशी रोसिओच्या पडद्यावर लाल चौकट आलीच नव्हती. तिसऱ्या मजल्यावर ती अकरा दिवस आधीच बंद केलेली होती. बंद करणारा: अदेमार. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: 'नेलिदाने सांगितलं.'