तीन महिन्यांची सुई

बादलीची कडी खणकन वाजली. पेंगुळलेल्या दुपारी तेवढाच काय तो आवाज. सून मागे वळते तोवर भरलेली बादली सासूच्या हातात होती. आणि सासू कोण, तर उठताबसता स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालणारी.

"अहो आई, ठेवा ती. कंबर धरेल."

"माझी धरू दे. तुझी जपायला हवी आता." म्हातारीने न्हाणीघरातल्या फळीकडे डोळ्यांनीच खूण केली. पॅडचं पाकीट दोन महिने तिथं न फोडता पडून होतं. "मला काही दिसत नाही, असं वाटतं होय? दिवस गेलेत ना?"

दुधावरची साय आठवडाभर आपल्याच पेल्यात का पडत होती, ते सुनेला आता उमगलं. खरं सांगावं तर हा चेहरा विझणार. न सांगावं तर रोज थोडा जास्तच उजळणार.

"नाही हो आई. मी सुई घेते. तीन महिन्यांची असते, मूल राहू नये म्हणून. ही दुसरी. तिच्यामुळे पाळी थांबते कधीकधी."

बादली खाली टेकली. तिच्यापाठोपाठ सासूही उंबऱ्यावर टेकली.

"मग ते सगळं आत साठून राहतं की काय गं?"

"साठत नाही. गर्भपिशवीला आत अस्तरच फारसं धरत नाही, तर बाहेर काय पडणार? नर्सबाईंनी नीट समजावलंय. सुई सोडली की येते परत, जरा उशिरा."

"आणि माझ्या लेकाला ठाऊक आहे हे?"

"ह्यांनीच तर नेलं होतं दवाखान्यात."

म्हातारीने ओले हात गुडघ्यांवर पुसले. "मला पाच झाली. हवंय का म्हणून एकदासुद्धा कुणी विचारलं नाही. तेव्हा अशी सुई असती ना, तर तुझा नवरा काही जन्माला येत नव्हता." मग डोळे बारीक करून म्हणाली, "बघ बाई, नुकसान तुझंच."

सुनेला हसू आवरेना. दोघींच्या हसण्याने आत झोपलेली पोर जागी झाली आणि डोळे चोळत दारात आली.

"काय झालं, आजी?"

"काही नाही गं. मला वाटलं, तुझ्या आईला दिवस गेले. पण नाही गेले."

पोर आईच्या कमरेला बिलगली. मान वर करून तिच्याकडे बघत राहिली.

"मग कुठे ठेवलेस तू तुझे दिवस?"