‘येतो’चा अर्थ

“‘येतो’ म्हणजे ‘जातो’, साहेब,” आई म्हणाली. “आता हेही मी तुम्हाला समजावून सांगायचं?”

मेजरसाहेबांनी कपाळ चोळलं. महिन्याभरात ही बाई चौथ्यांदा त्यांच्या टेबलासमोर बसली होती. दर वेळी दोन गाड्या बदलून यायची आणि बोलावणं येईपर्यंत बाहेरच्या बाकावर ताठ बसून राहायची. एकतीस वर्षं छापखान्यात पुस्तकांची पानं शिवलेली बाई. बोटांच्या पेरांवर दोऱ्याचे चरे उमटलेले, आणि एकदा टाका घातला की तो घट्ट ओढल्याशिवाय सोडायची नाही.

तिचा मुलगा पायदळात साधा शिपाई होता. लढाईच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तो मेला. वहीत त्याच्या नावापुढे शेरा होता : ‘मोर्चा सोडून मागे पळताना ठार.’ पलटणीच्या दारात, लढताना मेलेल्यांच्या नावांचा दगड उभा राहणार होता. त्या यादीत याचं नाव नव्हतं. यादी दुसऱ्या दिवशी पाथरवटाकडे जायची होती.

“बाई, ऐका,” साहेब म्हणाले. “पुढच्या मोर्च्यात तो एकटाच उरला होता. हुकूम होता, मदत येईपर्यंत जागा सोडायची नाही. वायरलेसवर विचारलं, काय स्थिती? तर म्हणाला, ‘येतो.’ एवढंच. आणि सापडला कुठे, तर मागच्या ओढ्यात. मी काय समजायचं?”

“त्याच ओढ्यातून शत्रू वर शिरला होता. तुमच्याच कागदात आहे. मागच्या खेपेला तुम्हीच वाचून दाखवलंत.”

“हो, आहे.”

“मग तो त्यांना अडवायला गेला. निघताना सांगून गेला. घरातून निघताना माणूस ‘जातो’ म्हणतो का? ज्यानं ऐकलं, त्याला बोलवा.”

वायरलेसवाला आला. हात गळ्यात बांधलेला. आईला बघून तो दारातच घुटमळला.

“बस रे,” आई म्हणाली. “मी काही खात नाही तुला.”

“मावशी, तुमचा उद्या...” तो चाचरला. “म्हणजे पलटणीत आम्ही त्याला ‘उद्या’च म्हणायचो. बूट पुसलेस का? उद्या. पत्र टाकलंस का? उद्या. पण खंदक खणायला सगळ्यांच्या आधी हजर. माझ्या वाटणीचाही खणून द्यायचा आणि वर म्हणायचा, आता माझे बूट तू पूस.”

“पुसलेस?”

“दोनदा. एक नंबर मोठे होते त्याला. पुढे कापूस कोंबून चालायचा, बदकासारखा.”

आई खळखळून हसली. मग पदराने तोंड पुसून तिनं विचारलं, “तू घरून निघालास तेव्हा तुझ्या आईला काय म्हणालास?”

वायरलेसवाला खाली बघू लागला. “येतो म्हणालो.”

“आणि चाललास कुठे?”

“लढायला.”

“साहेब, तुम्ही आज सकाळी?”

“बाई, माझा काय संबंध?”

“सांगा ना.”

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. “येतो म्हणालो. रोजच म्हणतो.”

“आमच्या घरात तर तो दंडकच. ‘जातो’ शब्द तोंडातून निघाला की मी परत बोलावून घ्यायची. चप्पल काढ, आत ये, पुन्हा नीट सांगून नीघ. लहानपणापासून ही सवय. मरणाच्या तोंडी जातानासुद्धा तेच म्हणाला माझा पोर. आणि तुम्ही त्याला पळपुटा ठरवलंत.”

साहेबांनी वही पुढे ओढली.

“हे शपथेवर सांगाल?”

छापखान्यात तिच्या शब्दावर कोणी फेरतपासणी करत नसे. चुकलं तर आपण होऊन सांगायची. खोटं बोलायचं नाही हा नेम तिनं लग्नाआधीपासून पाळला होता आणि त्यापायी नातेवाईकांचे रुसवेही सोसले होते.

“शपथेवर सांगते,” आई म्हणाली.

साहेबांनी जुन्या शेऱ्यावर पट्टी धरून रेघ मारली आणि खाली लिहिलं : ‘शत्रूला सामोरा जाताना ठार.’ सही केली. यादीत शेवटी एक नाव वाढवलं. मग ते उठून उभे राहिले.

“आई,” ते म्हणाले. आजवर ते तिला बाईच म्हणत आले होते. “माफ करा.”

“येते मी,” ती म्हणाली आणि निघाली.

घरी सून दारातच उभी होती. सासूच्या चेहऱ्यावरून तिला काही कळेना. आईनं पाय धुतले, घोटभर पाणी प्यायली.

“कोरणार नाव,” ती म्हणाली. “त्या शब्दावरच मानलं त्यांनी. आपल्या घरातला दंडक शपथेवर सांगितला.”

सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, “पण आई, ते कुठे पाळायचे तुमचा दंडक? दहादा परत बोलावलंत तरी तुम्हाला चिडवायला ‘जातो’च म्हणायचे. शेवटच्या वेळी घरून निघतानासुद्धा.”

“हो ना,” आई म्हणाली. “‘येतो’ म्हणाला, म्हणजे माझं लेकरू खरंच घरी यायला निघालं होतं गं.”