ऐकणारी सोबत

आम्ही चौघं कर्णबधिर शाळेच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या झ्वोल गावाहून निघायचं आणि आठ दिवस रेल्वेनं फिरायचं, मार्सेय, जिनोआ करत थेट दक्षिण इटलीपर्यंत, असं आम्ही ठरवलं होतं. वर्गात टेबलावर नकाशा पसरला होता. हुक्स्ट्राबाई आल्या, नकाशावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं खुणा करत म्हणाल्या, "ऐकू येणारं माणूस बरोबर असल्याशिवाय मी परवानगीवर सही करणार नाही." बाईंना ऐकू येतं, त्यामुळे आपलंच खरं असं त्यांना वाटतं.

"आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" आमच्यातल्या सिट्स्केनं हात उडवत विचारलं.

"खाली इटलीत लहान लहान स्टेशनांवर गाड्या बदलायच्यात तुम्हाला. ऐन वेळी फलाट बदलला की तिथं पुकारतात. तुम्ही बसाल बाकावर चीज-पाव खात आणि गाडी जाईल निघून! माझी भाची येईल सोबतीला. कान तिखट आहेत तिचे."

येल्मर इतका वेळ गप्प होता, म्हणजे त्याचे हात खिशात होते. ते त्यानं बाहेर काढले.

"कुठल्या भाषेत पुकारतात, बाई?"

"इटालियनमध्ये. का?"

"भाचीला येतं इटालियन?"

बाईंनी मान हलवली, नाही.

येल्मरनं नकाशावरचा त्यांचा हात अलगद उचलून बाजूला ठेवला.

"येऊ दे बिचारीला. लोक बॅगा उचलून पळायला लागले की आम्ही तिला खूण करू."