टाकीचा दिवा

धुळ्याच्या त्या कॉलनीची सेप्टिक टाकी भरली, की पंप सांभाळणाऱ्या भाईदासच्या खोलीतला लाल दिवा लागायचा. त्याने धावत जाऊन पंप सुरू करायचा. पाणी उतरलं की दिवा विझायचा. आज मात्र टाकी ओसंडली आणि घाण थेट सेक्रेटरींच्या अंगणात आली.

“दिवा लागला नव्हता का रे?”

“लागना व्हता, साहेब.”

“मग तासभर काय करत होतास?”

भाईदासने मान खाली घातली. “घरमा तोच एक दिवा शे, साहेब. पोर दहावीना अभ्यास करी राहिनी व्हती.”

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी वायरमन पाठवला. पोरीने त्याला चढायला हौसेने डबा पालथा घालून दिला. त्याने दिवा काढला आणि त्या जागी घंटी बसवली.